परमुलखातला मास्तर



या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन चालक मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना म्हणालो, "त्या विषयांवर मी बाराही महिने बोलत असतो, आणि ऐकणारे बहुधा मालकाचे वकील असतात. एवढी एक संध्याकाळ मला एका भाषेच्या मास्तरांविषयी बोलू द्या." त्यांनी ते उदार मनाने मान्य केले. हे मास्तर आपल्या मुलखातले नव्हेत. ते इटलीत जन्मले, लंडनमध्ये आयुष्यभर इटालियन भाषा शिकवीत राहिले आणि तिथेच १८५३ साली वारले. गाएतानो पोलिदोरी हे त्यांचे नाव. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकले नसेल. शिकवणाऱ्यांची नावे सहसा शिकणाऱ्यांच्या नावाखाली झाकून जातात.

आरंभीच एक कबुली देतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे जे काही वाचले ते सोलापुरात, यंत्रमागाची पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडितांची शिस्त आढळली नाही तर ते पोटात घालावे.

पोलिदोरी मास्तरांची आणि माझी गाठ पडली ती एका गोष्टीमुळे. ती गोष्ट ते स्वतः सांगत आणि पुढे त्यांच्या नातवाने लिहून ठेवली. साल १७८९, महिना जुलैचा. पॅरिस शहरात बास्तीयच्या तुरुंगावर लोक चालून निघाले होते. पोलिदोरी तेव्हा पंचविशीचे तरुण. पिसा शहराजवळचे बिएन्तिना हे त्यांचे गाव. घरी वडील वैद्यकी करणारे. यांनी स्वतः कायद्याचा अभ्यास केलेला. आल्फिएरी या इटलीतल्या मोठ्या नाटककाराचे चिटणीस म्हणून ते पॅरिसला येऊन राहिले होते. त्या दिवशी पाले रोयालवरून चालले असताना गर्दीतून एक इसम गंजकी तलवार उगारीत आला आणि देशासाठी लढ असे ओरडून त्याने ती यांच्या हातात खुपसली. आता काय करावे? पोलिदोरींनी इकडेतिकडे पाहिले, रिकाम्या हाताचा जो पहिला माणूस भेटला त्याच्या हातात ती तलवार दिली, तेच शब्द त्यालाही ऐकवले आणि ते सरळ घरी निघून गेले!

आपण हसलात. मी मात्र ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आले नाही. मी पुस्तक मिटून ठेवले. जगाच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस, हातात आयती तलवार आलेली, आणि हा गृहस्थ ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून जेवायला घरी जातो! संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचा राग येणारच. शिवाय या गोष्टीने मला दुसऱ्या एका मास्तरांची आठवण झाली. त्यांच्याविषयी मी शेवटी सांगेन. आठ-दहा दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडले, ते या गृहस्थाने पुढे केले तरी काय हे पाहावे म्हणून.

१७९० साली पोलिदोरी लंडनला आले. ओळखीपाळखी थोड्या, पुंजी थोडी. विकण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे जन्मतः तोंडात असलेली भाषा. त्या काळी लंडनच्या श्रीमंत घरांत इटालियन संगीताचे वेड होते, आणि मुलींना गाणे शिकवायचे तर गाण्याची भाषाही यायला हवी. त्यामुळे इटालियन शिकवणाऱ्यास काम मिळे. पण ते काम कसे, याचा विचार करा. आज या घरी एक तास, उद्या त्या घरी. शिष्य आजारी पडला की मजुरी बुडाली. उन्हाळ्यात धनिक मंडळी खेड्यातल्या वाड्यांवर गेली की मजुरी बुडाली. माझ्या यंत्रमागावरच्या सोबत्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांना मीटरवर पैसे मिळतात, मास्तरांना तासावर मिळत. परमुलखातून आलेला मास्तर हा कोट घातलेला रोजंदारी कामगारच होता.

या रोजंदारीवर त्यांनी संसार उभा केला. १७९३ साली त्यांनी अ‍ॅना मारिया पिअर्स नावाच्या इंग्रज बाईंशी लग्न केले. त्याही मुले शिकवून पोट भरणाऱ्या. नवरा कॅथलिक, बायको इंग्लंडच्या चर्चची. दोघांनी ठरवले की मुलगे बापाच्या पंथात वाढतील आणि मुली आईच्या पंथात. दोन पंथ एका चुलीवर नांदले. मास्तरांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा खिशात मावणारा कोश केला. मिल्टन या इंग्रज महाकवीची काव्ये आपल्या भाषेत उतरवली. शिकवणी, कोश, भाषांतर, पुन्हा शिकवणी, असे चाळीसहून अधिक वर्षे चालले.

मधे एक मोठा घाव बसला. त्यांचा मुलगा जॉन हुशार निघाला. एकोणिसाव्या वर्षी तो एडिंबरोहून डॉक्टर होऊन आला आणि १८१६ साली बायरन या जगप्रसिद्ध कवीबरोबर, त्याचा वैद्य म्हणून, युरोपात गेला. तिथे दोघांचे पटले नाही. पुढे जॉनने लिहिलेली रक्तपिपासू पिशाचाची कथा १८१९ साली छापली गेली ती बायरनच्या नावावर! गरिबाचे श्रम मोठ्याच्या नावावर जमा होतात याचे हे साहित्यातले उदाहरण. आज ती कथा जॉनची म्हणूनच ओळखली जाते, पण ते पाहायला तो उरला नाही. १८२१ च्या ऑगस्टमध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो बापाच्या घरी वारला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी त्याने विष घेतले असेच घरच्यांनी धरले. बापाने या दुःखाचे काय केले असेल? मला वाटते त्याचे उत्तर नातवंडांच्या हकिकतीत आहे.

मास्तरांची मुलगी फ्रान्सेस. तिचे लग्न १८२६ साली गाब्रिएले रोसेत्ती या दुसऱ्या इटालियन मास्तरांशी झाले. हे जावई सासऱ्यांच्या अगदी उलट. ते कवी होते आणि नेपल्सच्या राजाविरुद्ध घटनेसाठी उठलेल्यांची गाणी त्यांनी रचली होती. बंड मोडल्यावर जीव वाचवून माल्टाला आणि तिथून १८२४ साली लंडनला आलेले. म्हणजे एकाने हातची तलवार पुढे दिली होती आणि दुसऱ्याने ती उचलली होती. पण परमुलखात दोघांचेही हत्यार एकच झाले, भाषेची शिकवणी. १८३१ साली जावयांना लंडनच्या किंग्ज कॉलेजात इटालियनचे प्राध्यापकपद मिळाले. नाव मोठे, प्राप्ती तुटपुंजी. घर चालायचे ते खासगी शिकवण्यांवरच.

या जोडप्याला चार वर्षांत चार मुले झाली. मारिया १८२७, गेब्रिएल १८२८, विल्यम १८२९ आणि क्रिस्टिना १८३०. यांतला गेब्रिएल पुढे इंग्लंडचा नामांकित चित्रकार आणि कवी झाला आणि क्रिस्टिना ही त्या शतकातल्या मोठ्या इंग्रज कवींत गणली गेली. मुले बापाशी इटालियन बोलत, आईशी इंग्रजी. संध्याकाळी घरात देश सोडून आलेले इटालियन जमत, राजकारणाच्या चर्चा झडत आणि मुले शेगडीपाशी ऐकत बसत. अशा घरातली ही मुले सुटीत आजोबांकडे जात.

आजोबांनी तेव्हा लंडनपासून काही मैलांवर, होमर ग्रीन या खेड्यात एक साधे घर केले होते. बाग होती, सुतारकामाचा नाद होता. क्रिस्टिना म्हातारपणी लिहिते की निसर्गाची ओळख आपल्याला त्या बागेत झाली. एकदा तिला कुंपणाखाली पिकायला आलेली एक स्ट्रॉबेरी दिसली. ती आणि बहीण रोज जाऊन पाहत, पूर्ण पिकली की खायची. एके दिवशी गेल्या तर गोगलगायीने ती आधीच खाल्लेली! एका मुलीला पन्नास वर्षे पुरेल एवढी गोष्ट एका छोट्या फळातून मिळाली. आजोबांनी तिथे काय शिकवले? काही नाही. बाग दिली आणि मोकळे सोडले. थोरल्या मुलाला घाईघाईने मोठे करून घालवलेला हा बाप नातवंडांना मात्र सावकाश पिकू देत होता, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

चारांपैकी क्रिस्टिना ही सर्वांत धाकटी आणि सर्वांत रागीट. तरी हीच सर्वांहून तेज निघेल असे आजोबा म्हणत. १८३९ साली म्हाताऱ्याने खेड्यातले घर मोडले आणि तो लंडनला रीजंट्स पार्कजवळ राहायला आला, मुख्यतः मुलीच्या आणि नातवंडांच्या जवळ असावे म्हणून. आणि पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाने घरात काय आणावे? छापखाना! लहानसा, घरगुती छापखाना. त्याच्यावर ते आपली पुस्तके छापीत. आपल्या वडिलांनी शरीरातल्या हाडांवर रचलेले एक काव्य होते, तेही त्यांनी छापले. मग नातवंडांची पाळी आली. १८४२ च्या एप्रिलमध्ये अकरा वर्षांच्या क्रिस्टिनाने आईच्या वाढदिवसासाठी काही ओळी रचल्या; आजोबांनी त्या छापून दिल्या. १८४३ साली गेब्रिएलची एक कथाकविता छापली. मोठेपणी त्याला तिची लाजच वाटे, पण आजोबांना वाटली नव्हती. आणि १८४७ साली, क्रिस्टिना सोळा वर्षांची असताना, तिच्या कवितांचे पहिले पुस्तक याच घरगुती छापखान्यातून बाहेर पडले.

त्या पुस्तकाला आजोबांचा छोटासा मजकूर जोडलेला आहे. त्याचा आशय असा की छापण्याची हौस माझी आहे. आजोबाच्या मायेमुळे माझा अंदाज कदाचित वाजवीपेक्षा चढा असेल हे मी कबूल करतो. पण कवितेची आवड असणारे माझे मत निव्वळ मायेचे मानणार नाहीत अशी मला खात्री आहे. भगिनींनो आणि बंधूंनो, त्या काळात सोळा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर खिळे आणि शाई खर्च करणारे किती आजोबा असतील? आपल्या घरी आजही किती आहेत? इंग्रजी साहित्यात पुढे जे घडायचे होते त्याची खूण या म्हाताऱ्या इटालियनाने आधी ओळखली. तिचे प्रसिद्ध काव्य 'गॉब्लिन मार्केट' १८६२ साली आले, तेव्हा आजोबांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

हे पुस्तक कोणत्या दिवसांत छापले तेही पाहा. १८४३ च्या सुमारास जावयांची प्रकृती ढासळली आणि दृष्टी अधू झाली. १८४० साली राणीचे लग्न जर्मन राजपुत्राशी झाले होते, त्यामुळे श्रीमंत घरांत जर्मन भाषेची हवा वाहू लागली आणि इटालियनचे शिष्य पांगले. राजवाड्यात एक लग्न झाले की गल्लीतल्या मास्तरांची चूल थंडावते, हा बाजाराचा कायदा आहे! थोरली मारिया दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवायला राहिली. विल्यमने पंधराव्या वर्षी, १८४५ साली, सरकारी अबकारी कचेरीत कारकुनी धरली आणि घर सांभाळले. आई शिकवण्या करू लागली. अशा तंगीत घरातल्या धाकट्या मुलीला आजोबा सांगत होते की तुझ्या शब्दांना किंमत आहे.

आणि त्या मास्तरांची भाषा? ती वाया गेली नाही. गेब्रिएलने जुन्या इटालियन कवींचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली काढले. विल्यमने दान्तेच्या महाकाव्याचा नरकखंड १८६५ साली इंग्रजीत आणला. मारियाने १८७१ साली दान्तेवर पुस्तक लिहिले. क्रिस्टिनाने खुद्द इटालियनमध्ये कविता केल्या. तासावर मोजून विकलेली भाषा घरात न मोजता दिली, तिचे हे पीक.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मॅझिनी हे नाव मराठी माणसाला नवे नाही. त्याच्या चरित्राचे मराठी पुस्तक १९०७ साली निघाले होते. हा मॅझिनी लंडनमध्ये परागंदा असताना, १८४१ च्या नोव्हेंबरात, त्याने हॅटन गार्डन भागात एक रात्रशाळा उघडली. कोणासाठी? रस्त्यावर बाजाची पेटी फिरवून भीक मागणाऱ्या इटालियन पोरांसाठी आणि मजुरांसाठी. ठेकेदार ही पोरे गरीब खेड्यांतून आणीत आणि दिवसाची कमाई काढून घेत. त्यांना लिहिता-वाचता यावे म्हणून ही शाळा. आणि पोलिदोरी वारले त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, पण दिवसभर राबणाऱ्याला अक्षर मिळाले तर ते रात्रीच मिळेल, हे दोघांनी ओळखले होते.

आता ते दुसरे मास्तर.

सोलापुरातले निम्मे माग तेलुगू विणकरांच्या हातांनी उभे राहिले, हे आपण जाणता. आमच्या कारखान्यात तेलंगणातून पोरवयात आलेले एक वृद्ध विणकर होते. आम्ही पोरे त्यांना तातय्या म्हणत असू. तेलुगूत आजोबांना तसे म्हणतात. त्यांना मराठी कोणी शिकवले नव्हते. दुकानांच्या पाट्या वाचीत, जुनी वर्तमानपत्रे वाचीत ते शिकले. पाळी सुटल्यावर सुताच्या गोण्यांवर बसून ते आम्हाला शिकवीत. आमच्यातल्या तेलुगू पोरांना मराठी, आम्हा मराठी पोरांना थोडे इंग्रजी आणि सगळ्यांना पगाराची चिठ्ठी वाचणे. त्यांची नात शेजारी बसून पाटीवर अक्षरे काढी. खाडा किती कापला, मीटर किती लागले, हे प्रत्येकाने आपल्या वहीत रोज उतरवून ठेवावे आणि शनिवारी मुकादमाची सही घ्यावी, असा त्यांचा हट्ट असे. मुकादम हसत हसत सही करी.

मी विशीत असताना आमच्याकडे संप झाला. मी पुढारी झालो होतो, रक्त गरम होते. एका संध्याकाळी आम्ही मालकाच्या बंगल्यावर जायचे ठरवले आणि काय करायचे तेही ठरवले होते. मी तातय्यांना म्हणालो, तुम्ही पुढे राहा, पांढऱ्या केसांवर कोणी लाठी टाकणार नाही. ते म्हणाले, "बाळ, हे माझ्याने व्हायचे नाही. मी अर्ज लिहून देतो." सर्वांच्या देखत मी त्यांना म्हणालो की परमुलखातून पोट भरायला आलेल्या माणसाला इथल्या लढ्याचे काय! ते काही बोलले नाहीत. नातीचा हात धरून घरी गेले.

बंगल्यावर जे झाले त्यात आमचेच लोक फुटले आणि काहींवर खटले झाले. संप मोडला. चौदा जणांना काढून टाकले आणि वर सांगितले की हे आमचे कामगारच नव्हेत, आमच्या हजेरीपुस्तकात यांची नावे नाहीत. कामगार न्यायालयात प्रकरण बरीच वर्षे चालले. माझी भाषणे तिथे कोणी विचारात घेतली नाहीत. विचारात घेतल्या गेल्या त्या चौदा वह्या. तारखा, मीटर, खाडे आणि दर शनिवारची मुकादमाची सही. चौदांना परत कामावर घ्यावे लागले. निकाल लागला तेव्हा तातय्यांना जाऊन एक वर्ष झाले होते. मी त्यांची क्षमा मागितली नव्हती. आज करू, उद्या करू, असे म्हणत ती राहून गेली.

म्हणून पोलिदोरींची तलवारीची गोष्ट वाचून मला हसू आले नव्हते. आता माझे मत विचाराल तर सांगतो. तलवार घेणाऱ्यांना मी आजही नमस्कार करतो. त्यांच्यावाचून तुरुंग पडत नाहीत. पण तलवार न घेता घरी गेलेल्या माणसाचा हिशेब त्याच संध्याकाळी मांडू नये. तो घरी जाऊन काय करतो ते पाहावे. कोणी घरी जाऊन झोपतो. कोणी कोश करतो, चाळीस वर्षे शिकवतो आणि म्हातारपणी नातीच्या कवितांसाठी खिळे जुळवण्याची व्यवस्था करतो. कोणी चौदा अडाण्यांच्या हातांत वही देतो. मी हा हिशेब एका संध्याकाळीच मांडला, आणि तो चुकला.

जाता जाता एक मागणे आहे. आपल्या गावात आज बांधकामावर, भट्ट्यांवर, मागांवर दूरदूरची माणसे राबत आहेत. कोणी भोजपुरी बोलतो, कोणी उडिया. त्याला मराठी येत नाही म्हणून आपण त्याला हसतो, ठेकेदार त्याला फसवतो. त्याला पगाराची चिठ्ठी वाचता येईल एवढे मराठी शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरतात. आमच्या संघटनेच्या कचेरीत तसा एक वर्ग चालतो. शिकवणारे कमी पडतात. निवृत्त शिक्षक-शिक्षिका इथे बऱ्याच दिसत आहेत, त्यांनी यावे. आणि येताना नातवंडांनाही आणावे, ती पाटी घेऊन शेजारी बसतील.

तातय्यांची ती नात आता शाळेत मास्तरीण आहे. मराठी शिकवते. मंगळवारचा वर्ग तीच घेते. आपल्या आजोबांना मी काय बोललो होतो हे तिला आठवते की नाही, हे तिला विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. आज ती या सभेत बसली आहे, म्हणून तिच्या देखत जे बोललो होतो त्याची क्षमा तिच्या देखतच मागतो, आणि आपली रजा घेतो.